उत्तर येत असूनही

७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे गाव आहे, तेथे ते वैद्यकी करीत. टिपणाचा विषय होता पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. सातव्या वर्षापासून तो शाळेत जात होता, त्याच्यासाठी खाजगी शिक्षकही ठेवले होते, तरी त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होई आणि ती त्याच्या लक्षातही येत नसे. अंकांचे मात्र त्याला काही वावडे नव्हते. ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे उदाहरण त्याने झटपट आणि अचूक सोडवले. (उत्तर ६,४९,३८३. वाचकांनी कागदावर करून पाहावे, म्हणजे 'झटपट' या शब्दाचे मोल कळेल.)

मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. आज आपण तिला डिस्लेक्सिया म्हणतो, आणि त्या विषयाच्या इतिहासात या टिपणाला मानाचे स्थान आहे. पण आपल्या दृष्टीने त्यातील सर्वात मोलाचे वाक्य डॉक्टरांचे नाही. पर्सीला काही वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. ते असे, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता.

पर्सीची हुशारी झाकली गेली होती ती अक्षरांमुळे. त्याने स्वतः ती झाकली नव्हती. परंतु प्रत्येक वर्गात आणखी एका प्रकारची मुले असतात. त्यांना उत्तर येते, पण ती हात वर करीत नाहीत. विचारले तर 'माहीत नाही' म्हणतात. परीक्षेत ठरवून मधले गुण मिळवतात. आपली हुशारी दिसू नये यासाठी ती खपतात. यांतील काही मुलांची मेंदूची घडणच इतरांपेक्षा वेगळी असते. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, लक्ष टिकवण्यातील अडचण असे काहीतरी त्यांच्याबरोबर असते, आणि त्यामुळे हा लपवालपवीचा खेळ त्यांच्यासाठी अधिक अवघड व अधिक महागडा होतो. विज्ञानाला ही मुले दिसायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती का लागली, याचा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना एक धडा फार लवकर मिळतो. प्रत्येक उपकरणाची एक मर्यादा असते, आणि त्या मर्यादेपलीकडचे उपकरणात दिसत नाही, एवढ्यावरून ते अस्तित्वातच नाही असे म्हणता येत नाही. पुढील सारा इतिहास या एका वाक्याच्या प्रकाशात वाचावा.

हजेरीपटातील सर्वात लहान मूल

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी बुद्धिमापनाची पहिली व्यवहारोपयोगी चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या आणि खास मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखणे, हा तिचा हेतू होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारित आवृत्ती काढली आणि १९२१ पासून तिचा उपयोग अगदी उलट कामासाठी केला. कॅलिफोर्नियातील अतिशय बुद्धिमान मुले शोधून ती मोठी होईपर्यंत त्यांचा अभ्यास करायचा, असे त्यांनी ठरवले.

हजारो मुलांची चाचणी घेणे शक्य नव्हते. म्हणून आधी प्रत्येक वर्गशिक्षकाला विचारण्यात आले की तुमच्या वर्गातील सर्वात हुशार मुले कोणती? शिवाय वर्गातील वयाने सर्वात लहान मूल कोण, हेही विचारले. मग या मुलांच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष शिक्षकांना बोचणारा होता. वर्गातील सर्वात हुशार मूल एकाच उपायाने शोधायचे असेल, तर शिक्षकाच्या मतापेक्षा हजेरीपट पाहून सर्वात लहान मूल निवडणे अधिक भरवशाचे ठरते, असे टर्मन यांच्या लक्षात आले. शिक्षक मुलांची तुलना करताना वय विसरत होते. दहा वर्षांचे मूल बारा वर्षांच्या मुलांत बसून त्यांच्याइतकेच करीत असेल, तर ते 'बरे' वाटे, विलक्षण वाटत नसे.

पण म्हणून चाचणीचे उपकरण निर्दोष होते असेही नाही. टर्मन यांच्या चाचणीला बसून निवडीच्या रेषेपर्यंत न पोहोचलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडल्या गेलेल्या सुमारे दीड हजार मुलांपैकी एकालाही नोबेल मिळाले नाही. शिक्षकाची नजर आणि चाचणीचा कागद, दोन्ही उपकरणांना मर्यादा होत्या. आणि दोन्हींत एक गृहीत धरलेले होते, ते म्हणजे मूल आपल्याजवळ आहे तेवढे सगळे दाखवते.

न्यूयॉर्कमधील बारा मुले

हे गृहीत तपासण्याच्या अगदी जवळ ज्या संशोधिका पोहोचल्या, त्या म्हणजे लीटा हॉलिंगवर्थ. १८८६ साली नेब्रास्कामध्ये त्यांचा जन्म झाला. तेथे त्या माध्यमिक शाळेत शिकवीत. १९०८ साली त्या न्यूयॉर्कला आल्या आणि तेथे त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना कळले की या शहरात विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नोकरी मिळत नाही. अंगी गुण असून ते वापरण्यास जागा नसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगावे लागले नाही. पुढे त्यांनी मानसशास्त्रात संशोधन केले आणि १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी विद्यार्थ्यांना बिने चाचणीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी आठ वर्षांच्या एका मुलाला वर्गात आणले होते. तो उत्तरे देत गेला आणि अखेर चाचणीतील प्रश्न संपले, पण त्याची उत्तरे संपली नाहीत. बुद्ध्यंक निदान १८७ भरला. निदान, कारण मोजपट्टीच अपुरी पडली होती. अशी आणखी मुले आहेत का, याचा शोध हॉलिंगवर्थ पुढे तेवीस वर्षे घेत होत्या. न्यूयॉर्क आणि आसपासच्या परिसरात १८० च्या वर बुद्ध्यंक असलेली केवळ बारा मुले त्यांना सापडली. त्यांच्यावरील पुस्तक हॉलिंगवर्थ यांच्या निधनानंतर, १९४२ साली, त्यांच्या पतींनी पूर्ण करून प्रसिद्ध केले.

या अभ्यासातील दोन निरीक्षणे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले वेळेविषयी. सामान्य प्राथमिक शाळेत १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्या मुलाचा जवळजवळ सगळाच, असे त्यांनी नोंदवले. दुसरे नेतृत्वाविषयी. मुले ज्याला पुढारी मानतात तो सहसा गटापेक्षा थोडा अधिक हुशार असतो, फार अधिक नसतो. बुद्ध्यंकातील अंतर साधारण तीस गुणांपलीकडे गेले की गट त्या मुलाच्या मागे जात नाही. त्याची भाषा त्यांना परकी वाटते, त्याचे खेळ त्यांना कळत नाहीत.

ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली की लपवण्यामागचे गणित उलगडते. ज्या मुलाला सवंगडी हवे आहेत, त्याला हे अंतर कमी करायला हवे. इतरांना वर आणणे त्याच्या हातात नसते. स्वतः खाली येणे असते.

हॉलिंगवर्थ यांचे आणखी एक पुस्तक १९२३ सालचे आहे. एकाच मुलात एखाद्या विषयाची असाधारण देणगी आणि दुसऱ्या विषयाची असाधारण अडचण एकत्र कशी नांदते, याचा त्यात विचार आहे. वाचन, शुद्धलेखन, अंकगणित, चित्रकला, संगीत यांची क्षमता एकाच मापाने वाटलेली नसते, हे त्यात सविस्तर मांडले आहे. सीफर्डचा पर्सी त्यांना अपवाद वाटला नसता. पण तो धागा पुढे अनेक दशके सुटाच राहिला. हुशार मुलांचे अभ्यासक एका दालनात आणि अडचणीतील मुलांचे अभ्यासक दुसऱ्या दालनात, अशी वाटणी होऊन बसली. जे मूल दोन्ही होते ते दोन्ही दालनांच्या बाहेर राहिले.

लपवणे शिकावे लागते

दरम्यान समाजशास्त्रज्ञांनी वेगळ्याच वाटेने या प्रश्नाला हात घातला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील मिरा कोमारोव्हस्की यांनी महाविद्यालयीन तरुणींवर एक लेख लिहिला. विचारणा केलेल्या तरुणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी कबूल केले की मित्राबरोबर असताना आपण अधूनमधून मुद्दाम अडाणीपणाचे सोंग घेतो. एकीची युक्ती अशी होती की पत्रात लांबलचक शब्द जाणूनबुजून चुकीचे लिहायचे, म्हणजे मित्राला ते दुरुस्त करण्याचा आनंद मिळतो.

१९६१ साली जेम्स कोलमन यांचा अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दहा माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळा सोडल्यावर आपली आठवण कशी राहावी असे वाटते, हा त्यातील एक प्रश्न. खेळाडू म्हणून, लोकप्रिय म्हणून, की बुद्धिमान विद्यार्थी म्हणून? मुलग्यांची सर्वाधिक पसंती मैदानाला होती. ज्या शाळेत अभ्यासाला मान नाही तेथे सर्वात हुशार मुले अभ्यासात पुढे येण्याची धडपडच करीत नाहीत, ती आपली शक्ती दुसरीकडे वळवतात, असा कोलमन यांचा निष्कर्ष होता.

१९८६ साली सिग्निथिया फोर्डहॅम आणि जॉन ओगबू यांनी वॉशिंग्टनमधील एका शाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. अभ्यासात पुढे असणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणे, असा टोमणा तेथे मारला जाई. म्हणून काही हुशार मुले वर्गात विदूषकाची भूमिका घेत. हसवणाऱ्याला चांगले गुण मिळाले तरी कोणी रागावत नाही! या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. हा अनुभव सर्व शाळांना लागू नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले. २००५ साली कॅरोलिन टायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की असे टोमणे प्रामुख्याने तेथे उमटतात, जेथे वरच्या तुकड्यांत बहुतेक गोरी मुलेच बसवलेली असतात. म्हणजे मुळाशी होती ती शाळेची रचना, विद्यार्थ्यांच्या समाजाची वृत्ती नव्हे.

तीन काळ, तीन गट, पण सूत्र एकच दिसते. लपवणे हा स्वभावदोष नाही. वर्गात कशाला मान आहे आणि कशाला शिक्षा आहे, हे मूल अचूक वाचते आणि त्याप्रमाणे वागते. लाजाळूपणा, आळस किंवा आत्मविश्वासाचा अभाव अशी नावे आपण त्याला देतो, तेव्हा वर्गाचे गुणधर्म आपण मुलाच्या नावावर लिहीत असतो.

चिकित्सालयाला न दिसलेली मुले

आता मेंदूच्या वेगळ्या घडणीकडे येऊ. १९२५-२६ साली मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले एकलकोंडी होती, त्यांच्या हालचाली बेढब होत्या, त्यांना एखाद्या विषयाचा ध्यास असे, आणि त्यांतील काहींना संगीताची वा गणिताची उत्तम जाण होती. वर्ष-दोन वर्षांतच त्यांनी अशाच मुलींविषयीही लिहिले. परंतु पश्चिमेत त्यांचे काम जवळजवळ विस्मरणात गेले. मुलग्यांवरील लेखाचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सुला वुल्फ यांनी केले, तेव्हा कोठे त्याकडे लक्ष गेले.

१९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स अॅस्पर्गर यांनी चार मुलग्यांवर लिहिले. अशी मुले आपल्या आवडत्या विषयावर लहानशा प्राध्यापकासारखी बोलतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यांचे नाव घेताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१८ साली इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले की अॅस्पर्गर यांनी नाझी राजवटीशी जुळवून घेतले होते आणि ज्या संस्थेत अपंग मुलांना मारले जाई, तेथे काही मुलांना पाठवण्यात त्यांचा हात होता. कोणते मूल 'उपयोगाचे' आणि कोणते नाही, हा प्रश्न किती भयंकर होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

मुलींमध्ये हे चित्र पूर्ण स्वरूपात आपल्याला आढळले नाही, असे अॅस्पर्गर यांनी लिहिले. नंतरची अनेक दशके स्वमग्नता हा मुख्यतः मुलग्यांचा विषय मानला गेला. एका मुलीमागे चार मुलगे, असे प्रमाण पाठ्यपुस्तकांत छापले जाई. २०१७ साली रेचेल लूम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांतील आकडे एकत्र करून तपासले, तेव्हा हे प्रमाण तिनास एकच्या जवळ आले. ज्या अभ्यासांत संशोधक स्वतः समाजात जाऊन शोध घेत होते, तेथे मुली अधिक सापडत होत्या. ज्यांत फक्त आधी निदान झालेल्यांची मोजणी होती, तेथे कमी.

कारण उघड आहे. चिकित्सालयात कोण पोहोचते? ज्याच्या वागण्याचा इतरांना त्रास होतो ते मूल. जे मूल शेजारणीचे हसणे पाहून हसते, तिच्यासारखेच बोलते, मधल्या सुट्टीत कोठे उभे राहायचे हे पाठ करून ठेवते, ते तेथे पोहोचत नाही. आमच्या उपकरणाच्या भाषेत सांगायचे, तर संकेत होता, पण तो नोंदीच्या रेषेखाली ठेवला गेला होता, आणि ठेवणारे ते मूलच होते.

ही गोष्ट आतून कशी दिसते, हे जगाला कळले ते अशा व्यक्तींनी स्वतः लिहायला सुरुवात केल्यावर. ऑस्ट्रेलियातील डोना विल्यम्स यांचे 'नोबडी नोव्हेअर' हे आत्मकथन १९९२ साली प्रसिद्ध झाले. लहानपणी त्यांनी स्वतःसाठी दोन पात्रे घडवली होती. कॅरोल हसरी, गोड बोलणारी, सर्वांना आवडणारी. विली कणखर, माहिती साठवणारा, वादात न हरणारा. जगासमोर उभे राहायचे ते यांच्यापैकी एकाच्या रूपात. स्वतः डोना मात्र त्या दोघांच्या मागे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा व्यक्तींच्या आपसातील चर्चांतून 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूची विविधता, ही कल्पना पुढे आली. सगळे मेंदू एका साच्याचे नसतात आणि वेगळा साचा म्हणजे बिघाडच असे नाही, हा तिचा आशय. तिने अडचणी नाकारल्या नाहीत. अडचणीचा काही भाग मेंदूत असतो आणि काही भाग सभोवतालच्या व्यवस्थेत, एवढेच तिने दाखवून दिले.

दुहेरी मुखवटा आणि त्याची किंमत

इतर हुशार मुले लपवतात आणि ही मुले लपवतात, यांत फरक काय? आमच्या मते फरक असा. साध्या हुशार मुलाला फक्त हुशारी झाकावी लागते. वेगळ्या घडणीच्या मुलाला आधी वेगळेपण झाकायचे असते, आणि त्याचे वेगळेपण सर्वात ठळकपणे उघडे पाडणारी गोष्ट बहुधा त्याची हुशारीच असते. रेल्वेच्या इंजिनांविषयी तासभर बोलणारा मुलगा, मूलद्रव्यांची सारणी अणुभारांसह म्हणून दाखवणारी मुलगी, बाईंची फळ्यावरील चूक ताबडतोब सांगणारे मूल ही सारी आपल्या ज्ञानामुळेच ओळखली जातात आणि त्यामुळेच चिडवली जातात. म्हणून मुखवटा चढवताना सर्वात आधी झाकले जाते ते ज्ञान. ज्या गोष्टीत मूल सर्वात समर्थ आहे, तीच त्याला सर्वात धोक्याची वाटू लागते.

जे मूल वाचनाची अडचणही लपवत असते त्याचे गणित आणखी विचित्र होते. हुशारीच्या बळावर ते अडचण भरून काढते, आणि अडचणीमुळे हुशारी वर येत नाही. दोन्हींची बेरीज होऊन प्रगतिपुस्तकात 'साधारण' असा शेरा पडतो. तो पाहून शिक्षक निश्चिंत, पालक निश्चिंत. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांची नोंद घेतली आहे. हे चांगलेच झाले. पण सवलत मागायची तर आधी अडचण कोणाच्या तरी नजरेस पडावी लागते. 'साधारण' शेऱ्याच्या मुलाला तज्ज्ञांकडे कोण पाठवणार?

मुखवट्याची किंमत अलीकडे मोजली जाऊ लागली आहे. २०१७ साली लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी ९२ स्वमग्न प्रौढांचे अनुभव अभ्यासले. मुखवटा कशासाठी, तर मिसळून जाण्यासाठी आणि कोणाशी तरी नाते जुळावे यासाठी. परिणाम काय, तर पराकोटीचा थकवा आणि 'मी नक्की कोण' हा सतावणारा प्रश्न. २०१९ साली याच संशोधकांनी हे लपवणे मोजण्यासाठी पंचवीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात अशा लपवण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आम्ही विज्ञानाचे लोक नेहमी सांगतो, आणि हे अभ्यास प्रौढांचे आहेत हेही लक्षात ठेवावे. तरीही ज्या सवयीची मुळे शाळेत रुजतात तिच्याकडे शाळेने दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ होत नाही.

शिक्षकाच्या हातात काय आहे

इतिहासात केवळ निराशा नाही. टेम्पल ग्रँडिन या आज पशुवर्तनाच्या नामांकित शास्त्रज्ञ आहेत. त्यांचा जन्म १९४७ सालचा. चिडवणाऱ्या मुलीच्या अंगावर पुस्तक फेकल्यामुळे एका शाळेतून त्यांना काढून टाकले होते. पुढे त्या निवासी शाळेत गेल्या. मावशीच्या गोठ्यावर गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून स्थिर ठेवणारा पिंजरा त्यांनी पाहिला, आणि तशा दाबाने आपलेही मन शांत होते, असे त्यांना आढळले. त्यांनी स्वतःसाठी तसे एक यंत्र बनवले. शाळेतील इतरांना ते विकृत वाटले. विल्यम कार्लॉक या विज्ञानशिक्षकांनी मात्र ते हिरावून घेतले नाही. दाबामुळे शांत का वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर विज्ञान शिकायला हवे, ग्रंथालयात जाऊन शोधायला हवे, असे त्यांनी सांगितले. ज्या गोष्टीची लाज वाटायची, तिचा शिक्षकांनी अभ्यासविषय केला.

हॉलिंगवर्थ यांच्या देखरेखीखाली १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये स्पायर शाळा सुरू झाली. तिच्यात सावकाश शिकणाऱ्या मुलांचे सात वर्ग आणि वेगाने शिकणाऱ्यांचे दोन वर्ग एकाच छपराखाली होते. वेगाने शिकणारी मुले अर्ध्या वेळात नेहमीचा अभ्यासक्रम संपवीत. उरलेल्या वेळात ती अन्न, वस्त्र, निवारा, वाहने अशा रोजच्या गोष्टी कशा उत्क्रांत झाल्या, यांचा स्वतः शोध घेत. माहिती आणून वर्गापुढे ठेवणे हे तेथे प्रत्येकाचेच काम होते, त्यामुळे माहिती असण्यात लपवण्यासारखे काही उरले नाही. आपल्याकडे १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनेही बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. पण प्रत्येक गावी अशी संस्था असणार नाही. साठ मुलांच्या वर्गातील शिक्षकाने काय करावे?

पहिली गोष्ट, निदान करू नये. ते तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने विसंगती टिपावी. तोंडी उत्तर चमकदार आणि लेखी कोरे. अवघड प्रश्न सुटलेला आणि त्याच प्रकारचा सोपा प्रश्न चुकलेला. सत्रामागून सत्र गुण नेमके मधोमध. एकटे असताना विचारले तर दिलेले उत्तर आणि वर्गात विचारले तर 'माहीत नाही'. अशा जोड्या दिसल्या तर त्या वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी एका चाचणीपेक्षा अधिक बोलक्या असतात, आणि पुढे तज्ज्ञांनाही त्यांचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, मुखवटा ओढून काढू नये. 'हिला सगळे येते, मुद्दाम बोलत नाही' असे वर्गासमोर म्हणणे म्हणजे ज्या संकटापासून ती लपत होती त्याच्याच स्वाधीन तिला करणे. जाहीर कौतुकही तिला शिक्षेसारखे वाटू शकते. त्याऐवजी उत्तर देण्याच्या खाजगी वाटा उघडाव्यात. सर्वांनी एकाच वेळी पाटीवर उत्तर लिहून शिक्षकाकडे धरणे, तासाच्या शेवटी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून देणे, वाचन अडणाऱ्याची तोंडी परीक्षा घेणे, यांना खर्च येत नाही.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट वर्गाविषयी आहे. कोमारोव्हस्कींपासून टायसनपर्यंतच्या अभ्यासांनी दाखवले की मूल वर्ग पाहून लपवते. तेव्हा वर्ग बदलला तर लपवण्याचे कारण कमी होते. चुकीच्या उत्तरावर हसू न देणे जितके आवश्यक, तितकेच फार बरोबर उत्तरावर हसू न देणेही आवश्यक आहे. 'आला मोठा शास्त्रज्ञ!' हे वाक्य मुलांच्या तोंडी येते तसे कधीकधी आपल्याही तोंडी येते. ते आले की समोरचे मूल ऐकते, आणि मागच्या बाकावरचे, ज्याच्याकडे आपण पाहिलेही नाही, ते अधिक नीट ऐकते.

सीफर्डच्या त्या शिक्षकांजवळ ना चाचणी होती ना कसले प्रशिक्षण. डिस्लेक्सियाविषयी तेव्हा कोणालाच फारसे माहीत नव्हते. त्यांनी फक्त मुलाचे बोलणे आणि मुलाचे लिहिणे यांतील तफावत पाहिली आणि ती डॉक्टरांना सांगितली. येत्या सत्रात आपल्या वर्गातील 'साधारण' शेऱ्याची पाच मुले निवडून त्यांच्याशी प्रत्येकी दहा मिनिटे, अभ्यासाबाहेरच्या त्यांच्या आवडीच्या विषयावर बोलून पाहावे, अशी आमची वाचक शिक्षकांना विनंती आहे. काय आढळले ते आम्हाला जरूर कळवावे.